खुनी आधीच कळला, तरी आपण बघत का राहतो?

वाचनालयातून रहस्यकथा आणावी आणि पहिल्याच पानावर कुणीतरी आगाऊपणानं पेन्सिलनं लिहून ठेवलेलं असावं, ‘खून पुतण्यानं केला.’ पुस्तक तिथंच मिटावंसं वाटतं. खुनी कोण ते कळलं, मग उरलेली दोनशे पानं वाचायची कशासाठी?

अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी मालिकेनं मात्र हा आगाऊपणा स्वतःहून केला, आणि तोही जवळजवळ प्रत्येक भागात. मालिकेचं नाव ‘कोलंबो’. 1968 ते 2003 या काळात तिचे 69 भाग निघाले. मोजके अपवाद सोडले, तर प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच खुनी कोण, त्यानं खून का केला, कसा केला आणि कसा लपवला, हे प्रेक्षकाला सविस्तर दाखवलेलं असे. लॉस एंजेलिस पोलिसांतला लेफ्टनंट कोलंबो त्यानंतर बऱ्याच वेळानं पडद्यावर यायचा. तरीही लोक शेवटपर्यंत खिळून बसत, आणि आजही बसतात.

हे कसं साधतं ते समजून घ्यायला एक भाग पुरेसा आहे. 15 सप्टेंबर 1971 रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवलेला ‘मर्डर बाय द बुक’. पुढं या भागाचा शेवटही सांगितलेला आहे, पण तो सांगितल्यानं त्याची गोडी कमी होत नाही, हाच तर या लेखाचा विषय आहे.

नेहमीच्या रहस्यकथेची अडचण

आपल्या ओळखीची रहस्यकथा कशी चालते? एक प्रेत सापडतं. पाच-सहा जणांवर संशय येतो. प्रत्येकाकडं काही ना काही कारण असतं. लेखक वाचकाला इकडून तिकडं फिरवतो आणि शेवटच्या प्रकरणात गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत जमवून नाव जाहीर करतो. अगाथा ख्रिस्तींनी हा प्रकार कळसाला नेला. आपल्याकडं बाबूराव अर्नाळकरांच्या कथांवर वाढलेल्या पिढ्यांनाही शेवटचं पान आधी न उघडण्याचा संयम चांगलाच ठाऊक आहे.

या रचनेला एक किंमत मोजावी लागते, आणि तिच्याकडं सहसा लक्ष जात नाही. खुनी शेवटपर्यंत लपवायचा असेल, तर त्याच्या मनात शिरता येत नाही. रात्री त्याला झोप लागली का, पोलिसांची गाडी दिसल्यावर त्याचे हात थरथरले का, हे दाखवलं की बिंग फुटलं. म्हणजे कथेतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूसच लेखकाला अंधारात ठेवावा लागतो. त्याला इतर संशयितांएवढीच जागा द्यायची आणि त्यांच्याइतकंच वरवरचं रंगवायचं. शेवटी नाव कळतं तेव्हा आपण चकित होतो, पण ते चकित होणं क्षणाचं असतं. कथा तिथंच संपलेली असते.

ही अडचण रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाच्या ध्यानात आली होती. पेशानं डॉक्टर असलेल्या या लेखकानं 1912 मध्ये ‘द सिंगिंग बोन’ हा कथासंग्रह काढला. त्यातल्या ऑस्कर ब्रॉडस्की या हिऱ्यांच्या व्यापाऱ्याच्या कथेचे त्यानं सरळ दोन भाग केले. पहिल्या भागात खून होताना दिसतो आणि प्रेत रेल्वेच्या रुळांवर नेऊन ठेवलं जातं. दुसऱ्या भागात डॉ. थॉर्नडाइक हा वैद्यक आणि कायदा दोन्ही जाणणारा शोधक येतो आणि आपल्याला आधीच माहीत असलेली गोष्ट पुराव्यांतून एकेक करून उलगडतो. ‘कोण’ हा प्रश्न काढून टाकला तरी ‘सापडणार कसा’ या प्रश्नावर वाचक टिकतो, हे फ्रीमननं दाखवून दिलं. या प्रकाराला पुढं ‘उलटी रहस्यकथा’ म्हणू लागले.

मराठी माणसाला यात फारसं नवल वाटायचं कारण नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार ते पाठ असतं, तरीही रावण धनुष्याला हात घालतो तेव्हा मंडप श्वास रोखून ऐकतो. तिथं लोक बातमी ऐकायला आलेले नसतात. ठाऊक असलेली गोष्ट बुवा कशी घडवतात, ते पाहायला आलेले असतात.

कोलंबो कुठून आला

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे फिलाडेल्फियातले शाळासोबती. शाळेपासून दोघं मिळून लिहीत. त्यांचा कोलंबो पहिल्यांदा 1960 मध्ये एका दूरचित्रवाणी नाटकात आला आणि ती भूमिका बर्ट फ्रीड या नटानं केली. 1962 मध्ये त्याच कथेवर ‘प्रिस्क्रिप्शन मर्डर’ हे रंगमंचावरचं नाटक झालं, त्यात थॉमस मिचेल कोलंबो झाले. 1968 मध्ये नाटकाचा दूरचित्रपट झाला आणि पीटर फॉक या भूमिकेत आले. त्यानंतर शेवटपर्यंत कोलंबो म्हणजे फॉकच.

या पात्राचा एक पूर्वज रशियन आहे. डोस्टोव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला तपास अधिकारी पोर्फिरी पेट्रोविच. तिथंही खून कुणी केला हे वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. पोर्फिरी घोळ घातल्यासारखं बोलत राहतो, माफी मागतो, विषय बदलतो आणि समोरच्याला हळूहळू पोखरत नेतो. लेव्हिन्सन आणि लिंक यांनी हे ऋण मान्य केलं होतं.

टाइपरायटरची टकटक

आता भागाकडं वळू. जिम फेरिस आणि केन फ्रँकलिन ही एक यशस्वी लेखकजोडी आहे. ‘मिसेस मेलव्हिल’ नावाच्या शोधक बाईंच्या रहस्यकादंबऱ्या दोघांच्या नावावर आहेत. प्रत्यक्षात सगळं लेखन जिम करतो. केन मुलाखती देतो, समारंभांना जातो, लोकांना मोहवतो, पण लिहिता त्याला येत नाही. आता जिमला भागीदारी मोडून गंभीर लेखन करायचं आहे. तो गेला तर केनच्या हाती काय उरणार? एकमेकांच्या नावानं काढलेला मोठा विमा तेवढा आहे.

पहिलं दृश्य असं आहे. उंच इमारतीतल्या काचेच्या खिडकीतून कॅमेरा खालच्या रस्त्याकडं पाहतो आहे. खाली एक गाडी येते आहे. कॅमेरा हळूहळू मागं सरकत खोलीत येतो, आणि टाइपरायटरपुढं बसलेला जिम दिसतो. एवढा वेळ कानावर एकच आवाज येतो, टाइपरायटरच्या कळांचा. रस्त्यावरचं दृश्य असलं तरी गाडीचं इंजिन ऐकू येत नाही, रहदारी ऐकू येत नाही. गाडी जवळ येते, केन उतरतो, वर येतो, आणि टकटक चालूच राहते.

हे नीट पाहिलं, की उलट्या रहस्यकथेचं निम्मं यंत्र हाती लागतं. डोळ्यांना एक माणूस दिसतो आहे आणि कानांना दुसरा ऐकू येतो आहे. जो ऐकू येतो, तो कामात बुडालेला आहे. जो दिसतो, तो त्याच्याकडं निघाला आहे. कुणी काही सांगितलेलं नाही, धोक्याचं संगीत वाजलेलं नाही, तरी आपल्याला कळतं की ही टकटक थांबणार आहे. प्रेक्षकाला पात्रापेक्षा जास्त माहिती मिळाली की त्याच्या मनात आपोआप काळजी उभी राहते. चकित करण्यासाठी माहिती दडवावी लागते, आणि काळजीत पाडायचं असेल तर ती आधीच द्यावी लागते. या दोन वेगळ्या कला आहेत आणि माझ्या मते दुसरी जास्त अवघड आहे, कारण दिलेली माहिती परत घेता येत नाही.

हे दृश्य रचणारा दिग्दर्शक तेव्हा 24 वर्षांचा होता. त्याचं नाव स्टीव्हन स्पीलबर्ग. त्याला जगभर नाव मिळवून देणारे चित्रपट अजून पुढं होते. ‘ड्युएल’ हा त्याचा गाजलेला दूरचित्रपटसुद्धा या भागानंतर दोन महिन्यांनी, नोव्हेंबर 1971 मध्ये आला. कॅमेऱ्यामागं मात्र रसेल मेटी हे मुरलेले गृहस्थ होते. ‘स्पार्टाकस’च्या छायाचित्रणासाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं. संगीतकार बिली गोल्डनबर्ग यांनी पार्श्वसंगीतातही टाइपरायटरचा आवाज गुंफला.

खरं बोलणारा साक्षीदार

केनची योजना पाहण्यासारखी आहे. भागीदारी गोडीत संपवू म्हणून तो जिमला सॅन दिएगोकडच्या आपल्या बंगल्यावर घेऊन निघतो. निघताना विसरलेली वस्तू आणायच्या निमित्तानं एकटाच पुन्हा वर जातो आणि ऑफिसात अशी उलथापालथ करतो, की तिथं झटापट झाली असं वाटावं. बंगल्यावर पोहोचल्यावर तो जिमला घरी फोन करायला लावतो. आपण अजून लॉस एंजेलिसच्या ऑफिसातच काम करत बसलोय, असं जिम बायकोला सांगतो. बोलता बोलता केन त्याला गोळी घालतो.

पलीकडं जोआना, जिमची बायको, नवऱ्याचा आवाज ऐकते आणि मग गोळीचा. ती पोलिसांना सांगते, माझ्या नवऱ्यावर ऑफिसात गोळी झाडली. पोलीस ऑफिसात धावतात. तिथं सगळं अस्ताव्यस्त आहे, पण प्रेत नाही. केन तर त्या वेळी तिथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर.

या बनावाचं मर्म आहे ते जोआनात. खोटं बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत कधी ना कधी फुटतो. जोआना खोटं बोलतच नाही. तिनं नवऱ्याचा आवाज खरोखर ऐकला, गोळी खरोखर ऐकली, वेळही बरोबर सांगितली. चुकीची आहे ती फक्त जागा, आणि जागा तिनं पाहिलेली नाही, ती नवऱ्यानं सांगितली म्हणून तिनं धरली. 1971 मधला फोन भिंतीला वायरनं बांधलेला. बोलणारा कुठून बोलतोय हे ऐकणाऱ्याला दिसायची सोय नव्हती. आवाज खरा म्हणजे माणूस खरा, आणि माणूस खरा म्हणजे त्यानं सांगितलेलं ठिकाण खरं, हा विचार आपण सगळेच नकळत करतो. केननं नेमका त्याचाच आधार घेतला. प्रामाणिक माणसाच्या तोंडून चुकीची गोष्ट वदवून घेतली की पोलिसांना शंका घ्यायला जागाच राहत नाही.

नेहमीच्या रहस्यकथेत ही युक्ती शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईनं समजावून सांगितली गेली असती. इथं ती आपल्यासमोर घडते, त्यामुळं तिचं कौतुकही वाटतं. आणि हे कौतुक वाटणं आवश्यक आहे. किल्ला भक्कम आहे याची खात्री पटल्याशिवाय तो कसा पडतो ते पाहण्यात रस येणार नाही.

चौकट : भाग एका नजरेत

*मालिका :* कोलंबो (एनबीसी, नियमित मालिकेतला पहिला भाग)
*भाग :* मर्डर बाय द बुक, 15 सप्टेंबर 1971
*लेखक :* स्टीव्हन बॉच्को. पुढं 1981 मध्ये ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलीस मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक
*दिग्दर्शक :* स्टीव्हन स्पीलबर्ग
*कलाकार :* पीटर फॉक (कोलंबो), जॅक कॅसिडी (केन), मार्टिन मिलनर (जिम), रोझमेरी फोर्सिथ (जोआना), बार्बरा कोल्बी (लिली)
*आपल्याला आधीपासून माहीत :* खुनी, कारण, पद्धत
*शेवटपर्यंत माहीत नसतं :* कोलंबोला नेमकं काय कळलं आहे आणि कधीपासून

उघडलेली पाकिटं

केन प्रेत गाडीच्या डिकीत घालून लॉस एंजेलिसला परत येतो आणि तिथल्या स्वतःच्याच घरासमोरच्या हिरवळीवर टाकतो. गुंडांच्या टोळीनं धमकी म्हणून ते तिथं आणून टाकलं, असं त्याला भासवायचं आहे. जिम गुन्हेगारी टोळ्यांवर पुस्तक लिहीत होता, असं तो आधीच पेरून ठेवतो. प्रेत ‘सापडल्यावर’ तो पोलिसांना फोन करतो.

आणि मग टपाल उघडतो.

एवढंच. दारात मित्राचं प्रेत पडलेलं आहे, पोलीस यायचे आहेत, आणि त्या मधल्या वेळात हा माणूस आलेली बिलं उघडून पाहतो. कोलंबो येतो, इकडंतिकडं हिंडतो, आणि त्याला उघडलेली पाकिटं दिसतात. तो आरोप करत नाही. मन दुसरीकडं वळवायला माणूस काहीही करतो, अशा सुरात बोलून पुढं जातो. आणखी एक गोष्ट त्याला खटकलेली असते. मित्राचं बरंवाईट झाल्याचं कळल्यावर केन सॅन दिएगोहून विमानानं का नाही आला? दोनेक तास गाडी चालवत का बसला? आपल्याला उत्तर माहीत आहे, प्रेत विमानातून आणता येत नाही. कोलंबोला ते माहीत नाही. त्याला फक्त वागणं विसंगत दिसतं.

कोलंबोच्या तपासाची पद्धत इथं उघड होते. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, सिगारेटचं थोटूक यांवर तो फारसा विसंबत नाही. तो एक प्रश्न विचारतो, ही गोष्ट खरी असती तर हा माणूस कसा वागला असता? मग प्रत्यक्ष वागणं त्या शेजारी ठेवतो. जिथं दोन्ही जुळत नाहीत, तिथं तो घुटमळत राहतो.

केननं खुनाची प्रत्येक पायरी आखली होती. स्वतःच्या दुःखाची आखणी मात्र त्याला करता आली नाही. खून हा एक प्रसंग असतो, त्याची तालीम करता येते. त्यानंतरचं प्रत्येक मिनिट न बसलेल्या धक्क्याचा अभिनय करत काढावं लागतं, आणि तो अभिनय टपाल, जेवण, प्रवास अशा बारीकसारीक गोष्टींतही टिकवावा लागतो. तिथं माणूस सवयीवर जातो. रोज घरी आल्यावर टपाल उघडणारा हात त्या दिवशीही टपालाकडंच जातो.

उलट्या रहस्यकथेत प्रेक्षकाला याचमुळं काम मिळतं. खुनी शोधायचा नसला तरी त्याची चूक शोधायची असते. खुनानंतरचं दृश्य आपण नीट पाहिलेलं असतं, आणि तरी टपाल आपल्या ध्यानात आलेलं नसतं. कोलंबो बोट ठेवतो तेव्हा आपण मनातल्या मनात ते दृश्य पुन्हा पाहतो. पाहिलेलं असूनही न दिसलेलं असं काहीतरी सापडण्यातला आनंद नवं नाव कळण्याच्या आनंदापेक्षा कमी नसतो.

दारातून परत फिरणारा माणूस

कोलंबो दिसायला अगदी सामान्य आहे. चुरगळलेला रेनकोट (तो फॉक यांचा स्वतःचाच होता), हातात सिगार, खडखडणारी जुनी प्यूजो गाडी. लहानपणीच आजारामुळं फॉक यांचा उजवा डोळा काढावा लागला होता, त्यामुळं त्यांच्या नजरेत एक तिरकेपणा होता. समोरचे खुनी मात्र श्रीमंत, शिकलेले, नामवंत. त्यांना हा माणूस गबाळा वाटतो, आणि गबाळ्या माणसापुढं माणूस जास्त बोलतो. त्यानं काही चुकीचं गृहीत धरलं असेल तर ते दुरुस्त करायला जातो, नवनव्या शक्यता सुचवतो. केन तर रहस्यकथाकार म्हणून मिरवणारा. पोलिसाला तपास शिकवायचा मोह त्याला आवरत नाही, आणि तो जितका शिकवतो तितका अडकत जातो.

कोलंबोची सगळ्यांत प्रसिद्ध लकब म्हणजे निरोप घेऊन दारापर्यंत जायचं, खुन्यानं सुटकेचा श्वास सोडायचा, आणि मग वळून म्हणायचं, अजून एकच विचारायचं राहिलं. ती जन्मली कशी, तर नाटक लिहिताना लेव्हिन्सन आणि लिंक यांनी कोलंबोला रंगमंचाबाहेर पाठवलं आणि नंतर लक्षात आलं, की त्याच्या तोंडी आणखी एक प्रश्न हवा होता. पुन्हा सगळं टाइप करण्याऐवजी त्यांनी त्याला दारातून परत आणलं. टंकलेखनाचे कष्ट वाचवायला केलेली ही सोय पुढं पात्राची ओळख होऊन बसली.

ती परिणामकारक का ठरते, याला कारण आहे. चौकशी चालू असताना माणूस सावध असतो, उत्तरं तोलून देतो. चौकशी संपली असं वाटलं की ती सावधगिरी तो खाली ठेवतो. नेमक्या त्या क्षणी आलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पुन्हा सावध व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ चेहऱ्यावर दिसतो. जॅक कॅसिडी या अशा क्षणी हसू ओठांवर किंचित जास्त वेळ धरून ठेवतात. हे हसू पाहण्यासाठीच भाग पुन्हा पाहावा. आणि खुनी कोण हे आपल्याला ठाऊक नसतं, तर त्या हसण्याकडं आपलं लक्षही गेलं नसतं.

या भागात माझं आवडतं दृश्य मात्र चौकशीचं नाही. हादरलेल्या जोआनाच्या घरी कोलंबो स्वयंपाकघरात शिरतो आणि तिच्यासाठी ऑम्लेट करतो. इथं तो काही काढून घेत नाहीये, असं वाटतं. एका बाईनं सकाळपासून काही खाल्लेलं नसेल, हे त्याला सुचलेलं आहे. माणसं दुःखात कशी वागतात याची एवढी जाण असलेल्या माणसालाच उघडलेली पाकिटं खटकणार.

दुसरा खून वेगळा का

बंगल्याकडं जाताना केन वाटेतल्या एका दुकानात थांबला होता. दुकान चालवणारी लिली ला सान्का ही त्याची चाहती, आणि एकटी. गाडीत बसलेला जिम तिनं पाहिला होता. ती केनला धमकावत नाही, लाडिकपणे सुचवते. पंधरा हजार डॉलर मागते, आणि त्याहून जास्त काही मागते असं वाटतं, त्याची सोबत. केन तिच्याकडं जेवायला जातो, शॅम्पेन उघडतो आणि बाटलीनंच तिला मारतो. प्रेत होडीतून नेऊन तळ्यात टाकतो.

कथेच्या यंत्रात या खुनाची दोन कामं आहेत. पहिलं, आपली सहानुभूती हलवणं. खुन्याच्या बाजूनं गोष्ट पाहता पाहता प्रेक्षक नकळत त्याच्याच बाजूचा होतो. केन तर लाघवी, हजरजबाबी. बार्बरा कोल्बी यांनी लिली इतक्या जिव्हाळ्यानं उभी केली आहे, की तिच्या खुनानंतर केनची बाजू घेणं शक्य होत नाही. त्याला पकडायलाच हवं, असं तिथून वाटू लागतं.

दुसरं काम जास्त नाजूक आहे आणि या भागाचा कणा तेच आहे. पहिला खून अत्यंत हुशारीनं रचलेला, तर दुसरा घाईचा, ठोकळेबाज. लिलीच्या घरी केनची सही असलेलं पुस्तक सापडतं, म्हणजे ओळख सिद्ध होते. कोलंबोला प्रश्न पडतो, एवढा कल्पक माणूस दुसऱ्या वेळी एवढा सामान्य कसा झाला? तपासात त्याला कळलेलं असतं की केननं एकही पुस्तक लिहिलेलं नाही. मग उत्तर समोर येतं. दुसरा खून केनचा आहे आणि पहिल्या खुनाची कल्पना त्याची नाही. ती कल्पना जिमची असली पाहिजे.

हा तर्क पोलिसाचा नाही, वाचकाचा आहे. दोन मजकूर शेजारी ठेवून हे एकाच हातचे नाहीत असं म्हणणाऱ्या संपादकाचा आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या जोडीवरच्या कथेत खुनी त्याच्या लेखनशैलीवरून पकडला जावा, ही बॉच्कोची कल्पना मला फार मोठी वाटते.

जिमला सुचेल ते कागदाच्या चिटोऱ्यांवर टिपून ठेवायची सवय होती. कोलंबो त्याचे कागद धुंडाळतो आणि एक टिपण मिळवतो. त्यात मिसेस मेलव्हिलसाठी सुचलेली एक कल्पना आहे. एक माणूस दुसऱ्याला दूरच्या घरी नेतो, बायकोला ऑफिसातून बोलतोय म्हणून फोन करायला लावतो आणि गोळी घालतो. जिमनं आपल्याच खुनाची रीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती.

कोर्टात हे टिकेल का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर अवघडच. एका जुन्या टिपणावरून कथेची कल्पना सिद्ध होते, खून सिद्ध होत नाही. चांगला वकील म्हणेल, ही कल्पना दोघांच्या चर्चेत आली असेल, तिसऱ्या कुणाच्याही कानावर गेली असेल. मालिकेवर हा आक्षेप अनेकदा घेतला जातो आणि तो बरोबर आहे. कोलंबोचे कित्येक खटले न्यायालयात डळमळले असते.

मात्र या मालिकेचं नाट्य न्यायालयात घडतच नाही. ते दोन माणसांमधलं आहे. एकाला खात्री आहे की आपण वरचढ आहोत, आणि दुसरा ती खात्री हळूहळू काढून घेतो. ती पुरती गेली की भाग संपतो. निकाल, शिक्षा, तुरुंग यांतलं काही सहसा दाखवलं जात नाही, आणि ते हवं होतं असंही वाटत नाही.

राखून ठेवलेलं पान

सगळं आधी सांगूनही या भागानं एक गोष्ट हातची राखून ठेवलेली असते. टिपण समोर आल्यावर केन कबुली देतो, आणि जाता जाता सांगतो, की ती कल्पना मुळात त्याचीच होती. त्याला सुचलेली एकमेव चांगली कल्पना. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यानं ती जिमला ऐकवली होती, जिम ती टिपून ठेवेल असं त्याला वाटलं नव्हतं.

म्हणजे कोलंबोचा तर्क चुकीचा होता आणि तरी त्यानं खुन्यापर्यंत नेलं. लिहिता न येणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदाच खरी कल्पना सुचली, ती लिहून ठेवली दुसऱ्यानं, आणि त्या दुसऱ्याला मारायलाच ती वापरली गेली. केनकडं तोवर आपण लबाड, मिरवणारा माणूस म्हणून पाहत असतो. या एका वाक्यानं त्याची सगळी आयुष्यभराची बोच दिसते. खुनी शेवटपर्यंत लपवलेला असता तर या कबुलीला काही अर्थ उरला नसता, कारण त्या वेळी आपण फक्त नाव ऐकून चकित होण्यात गुंतलो असतो.

उलटी रहस्यकथा चांगली जमली आहे का, हे ओळखायची खूण मला यातच दिसते. लेखकानं कोणतं पान उघडं टाकलं आणि कोणतं मिटून ठेवलं, ते पाहायचं. निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केलेला 2015 चा हिंदी ‘दृश्यम’ (मूळ मल्याळम चित्रपट 2013 चा) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. गोव्यातल्या त्या केबलवाल्या विजय साळगावकरच्या घरात काय घडलं, ते आपण पाहिलेलं असतं. तारखेचा बनावही आपल्यासमोरच रचला जातो, आणि त्यातही केनचीच रीत आहे. बस कंडक्टर, हॉटेलवाला, सगळे साक्षीदार प्रामाणिक आहेत, त्यांच्या मनात फक्त दिवस बदलून ठेवलेला आहे. तिथंही दिग्दर्शक एक पान मिटून ठेवतो आणि ते शेवटच्या मिनिटांत उघडतो. फरक असा, की तिथं लिली नाही. आपली सहानुभूती हलवणारं पात्र चित्रपटात ठेवलेलंच नाही, त्यामुळं विजय पकडला जाऊ नये असंच आपल्याला अखेरपर्यंत वाटत राहतं.